शेवटची गाडी

अण्णांच्या डायऱ्या मला ते गेल्यानंतर मिळाल्या. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधली नोकरी, तीन पाळ्या, चार माणसांचा संसार. दरवर्षी जानेवारीत किराणा दुकानदार द्यायचा ती लाल पुठ्ठ्याची डायरी. पानं उलटत गेलं की दूध, रॉकेल, माझी फी, आजीची औषधं असा सगळा हिशेब दिसतो. मे महिन्याच्या पानांवर मात्र हिशेबाखाली रेघ मारून वेगळंच काही लिहिलेलं आहे. वक्त्याचं नाव, विषय, भाषणाचं सार तीन-चार ओळींत, आणि त्यापुढे जवळजवळ प्रत्येक वेळी एकच शब्द. ‘अपूर्ण’.

तो शब्द वाचला आणि मला शालिमारचा बसस्टॉप आठवला.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं पटांगण, उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात. शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला आजही चालू आहे. अण्णांची सकाळची पाळी असली की ते दुपारी घरी येऊन दोन तास झोपायचे आणि संध्याकाळी मला घेऊन निघायचे. लवकर जायचं म्हणजे पुढे जागा मिळते, हा त्यांचा नेम. दिवसभर तापलेला घाटाचा दगड कपड्यांतून अंगाला लागायचा. तिथे न्यायाधीश आले, शेतीतज्ज्ञ आले, नाटकवाले आले, चळवळीतली माणसं आली. तिकीट नाही, पास नाही, कुणाच्या ओळखीची गरज नाही. प्रेसमध्ये नोटांचे आणि तिकिटांचे कागद मोजणारा माणूस आणि शहरातला नावाजलेला वकील एकाच पायरीवर बसून एकच भाषण ऐकायचे. हे मला तेव्हा अगदी साधं वाटायचं. सगळीकडे असंच असतं, असं वाटायचं.

भाषण रंगात यायचं, वक्ता ‘आता एक शेवटचा मुद्दा’ म्हणायचा आणि अण्णांचा हात माझ्या खांद्यावर पडायचा. उठायचं. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, वाकून, कुणाच्या दिसण्याआड न येता बाहेर पडायचं, चपला शोधायच्या आणि मेन रोडनं झपाझप शालिमार गाठायचं. नाशिकरोडची शेवटची बस चुकली तर रिक्षाचे पैसे कुठून आणायचे? मागे लाउडस्पीकरवर आवाज चालूच असायचा. काही पावलं तो कळायचा, मग शब्द विरघळायचे आणि नुसती लय उरायची.

उरलेलं भाषण अण्णा बसमध्ये करायचे. वक्ता पुढे काय म्हणाला असेल ते स्वतःच रचून सांगायचे. एकदा पूर्ण भाषण ऐकलेल्या एका शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की वक्ता नेमका उलटं बोलला होता. अण्णा त्या दिवशी फार गप्प होते. मग म्हणाले, “प्रश्न विचारायला मिळाला असता तर मी हेच विचारणार होतो, की असं उलट का?” प्रश्नोत्तरं भाषणानंतर असायची. अण्णांनी तिथे आयुष्यात एकही प्रश्न विचारला नाही. बुद्धी होती, वाचन होतं, धीटपणाही होता. गाडी नव्हती.

माझ्या लहानपणचं एक भाषण मला अजून आठवतं. मानवी हक्कांवर बोलायला एक बाई आल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात माणूस या अर्थी इंग्रजीत ‘मेन’ असा शब्द होता, म्हणजे पुरुषही तोच आणि माणूसही तोच. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो बदलायला लावला आणि तिथे ‘ह्यूमन बीइंग्ज’ आलं. आपल्या संविधान सभेतही त्या होत्या. हे ऐकताना अण्णांनी माझ्याकडे पाहिलं होतं, ती नजर मी विसरलेले नाही. पुढे त्या बाई मराठीतल्या ‘माणूस’ शब्दाबद्दल काहीतरी सांगायला लागल्या आणि आम्ही उठलो. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कधीच कळलं नाही. मी आपली माझ्या परीने अर्थ लावत राहिले. आपण ‘बाईमाणूस’ म्हणतो, ‘गडीमाणूस’ म्हणतो, म्हणजे भाषेने दोघांनाही माणसात घेतलं आहे. आणि तरी ‘बाईमाणसानं एवढ्या रात्री सभेला कशाला जायचं’ हे वाक्यही त्याच भाषेत घरोघरी बोललं जातं.

पुढे मी बँकेत लागले, स्कूटर घेतली, आणि शेवटच्या बसची धास्ती माझ्या आयुष्यातून गेली. इतकी पूर्ण गेली की मी ती विसरले. विसरले, म्हणून पुढचं घडलं.

आमचा आठ-दहा जणांचा एक गट आहे. नाव द्यावं इतका मोठा नाही. बँकेतले, शाळेतले, एक-दोन वकील, एक निवृत्त परिचारिका. दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिनानिमित्त आम्ही एक कार्यक्रम करतो. वर्गणी काढायची, हॉल घ्यायचा, बाहेरगावचा वक्ता बोलवायचा, पोरांकडून एखादं पथनाट्य नाहीतर गाणी बसवून घ्यायची. २०१९ साली विषय होता जमीन आणि हक्क. आदल्या वर्षीचा शेतकऱ्यांचा लाँग मार्च सगळ्यांच्या मनात ताजा होता. मीच सुचवलं, की नुसता अभ्यासक नको, ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यांच्यातलं कुणीतरी बोलू दे. ओळखीतून पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या ताई यायला तयार झाल्या. पत्रिकेत आम्ही त्यांच्यासाठी ‘मनोगत’ छापलं. प्रमुख वक्त्यांसाठी ‘व्याख्यान’. तेव्हा हा फरक माझ्या डोळ्यांत आला नाही.

त्या वर्षी १० डिसेंबरला मंगळवार होता. वेळ संध्याकाळी पाच. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन आलेले एक गृहस्थ जिन्याच्या तळाशीच बसून राहिले आणि वरच्या स्पीकरचा आवाज ऐकत होते, हे मला नंतर कळलं. ताई दुपारी तीनलाच येऊन बसल्या होत्या. निळं लुगडं, पायात प्लॅस्टिकच्या चपला, मांडीवर कापडदुकानाची एक पांढरी पिशवी. पिशवीच्या तोंडाला दोन गाठी.

कार्यक्रम पावणेसहाला सुरू झाला, कारण वक्त्यांची गाडी घोटीजवळ अडकली होती. मग प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. परिचय फार लांबला. मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुस्तक, फोटो. एका पाहुण्यांचा फोटो नीट आला नाही म्हणून शाल काढून पुन्हा घातली. मी सूत्रसंचालन करत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून, पांढरी खोळ घातलेल्या सोफ्यांच्या मागून, ताई वाकत वाकत स्टेजच्या कडेला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, माझा नंबर कवा लागंल? सातची गाडी गेली तर मंग सकाळच.”

सहा चाळीस झाले होते. मी म्हणाले, “झालंच, हे दोन सत्कार झाले की तुम्हीच.” आणि माझ्या तोंडून पुढचं नाव पुकारलं गेलं.

दोन सत्कार झाले तेव्हा त्या जागेवर नव्हत्या.

मी माइक दुसऱ्याच्या हातात दिला आणि खाली धावले. जिन्यात त्यांना गाठलं. त्या अजिबात रागावलेल्या नव्हत्या, ते मला जास्त लागलं. “नाही ताई, तुमचं काम मोठं. घरी म्हातारी हाय, शेळ्या हायेत.” मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि स्टँडवर आणलं. गाडी लागलेली होती, कंडक्टर अजून खाली उभा होता. त्या आठ-दहा मिनिटांत त्यांनी पिशवीच्या गाठी सोडल्या आणि मला आपलं भाषण दाखवलं. दाखवलंच म्हणते, कारण ते सगळं कागदांत होतं.

वनहक्क दाव्याची झेरॉक्स. तिच्या घड्या पडून पडून मधली ओळ पुसट झालेली. नवऱ्याचं नाव, त्याखाली त्यांचं नाव, दोघांचा एकत्र फोटो, दोन अंगठे. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी आदिवासी कुटुंबं जंगलातली जमीन कसत आली त्यांना चार हेक्टरपर्यंत, प्रत्यक्ष कसत असतील तेवढ्यावर, हक्क मिळतो. आणि हा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असं कायद्यातच लिहिलेलं आहे. आपल्या शहरात किती सोसायट्यांच्या फ्लॅटवर बाईचं नाव आहे, हे एकदा आपापल्या घरी पाहावं. ताईंनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. “हे माझं.” मग दुसरा कागद काढला. “कसतो चार एकर. सासऱ्यापासून. नागली, वरई, खाली थोडा भात. कागदावर आलं वीस गुंठं. मोजायला आले तेव्हा वर चढलेच नाहीत. बाकीची जमीन गेली कुठं, एवढंच मला इचारायचं व्हतं.”

गाडी सुटली. सात वाजले होते. मी परत आले तेव्हा हॉलमध्ये प्रमुख वक्ते वनहक्क कायद्याच्या कलमांवर बोलत होते. फार चांगलं बोलत होते, मनापासून आणि अभ्यासपूर्ण. टाळ्या पडत होत्या. कलम समजावून सांगणारा इथे, ज्याच्यासाठी कलम ते माणूस पेठच्या घाटात, आणि मधे मी, ‘झालंच’ म्हणणारी. त्या रात्री घरी येऊन मी अण्णांच्या डायऱ्या पुन्हा काढल्या.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटते. सभा कुणाच्या हक्कांबद्दल आहे हे तिच्या विषयावरून ठरत नाही, वेळेवरून ठरतं. वेळ, वार, जिना, गाडी, पाळी, घरातली म्हातारी. जाहीरनाम्यात ही गोष्ट कुठेतरी असणार म्हणून मी तीसच्या तीस कलमं नीट वाचून काढली. विसाव्यात शांततेने सभा भरवण्याचा हक्क आहे. आपल्या संविधानातही एकोणिसाव्या कलमात तो आहे, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. सत्ताविसाव्यात समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा आणि कलांचा आनंद घेण्याचा हक्क आहे. आणि चोविसाव्यात विश्रांतीचा आणि फुरसतीचा, कामाच्या तासांना वाजवी मर्यादा असण्याचा. ही तिन्ही कलमं मी आता एकत्रच वाचते. फुरसत नसेल तर सभेचा हक्क कागदावरच. मंगळवारी संध्याकाळी पाचला ज्यांना यायला जमतं त्यांनाच आम्ही समाज समजत होतो.

आणि हे नाशिकमध्ये व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण या गावाला सभा कशी असते हे फार आधी शिकवलं गेलं आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराच्या दिशेने मैलभर लांबीची मिरवणूक निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक तिथून गोदाघाटाकडे वळली आणि घाटावर तिची सभा झाली. त्याच गोदेच्या काठावर, जिथे पुढे मी अण्णांबरोबर बसायचे. रात्री अकरा वाजता नेत्यांची पुन्हा चर्चा झाली आणि मंदिराच्या दरवाजांसमोर अहिंसक सत्याग्रह करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. मला त्या पंचवीस बायकांबद्दल फार वाटतं. त्या कुठल्या गावांतून आल्या असतील, घरी कुणाला सांगून आल्या असतील, रात्री त्यांची झोपायची सोय कुणी केली असेल? त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला पाठ नाहीत.

ती सगळी सोय ज्यांनी पाहिली त्यांत दादासाहेब गायकवाड पुढे होते. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, सत्याग्रह समितीचे चिटणीस. बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले तरी इथला सत्याग्रह थांबला नाही. तो वर्षानुवर्षं चालला आणि त्याची किंमत खेड्यापाड्यांतल्या माणसांनी मोजली. मुलांना शाळेतून काढलं, रस्ते बंद केले, बाजारात माल मिळेनासा झाला. तरीही लोक येत राहिले. इतकी वर्षं माणसं येत राहतात तेव्हा भाषणांच्या मागे भाकरीची, मुक्कामाची आणि परतीची व्यवस्था उभी असते. दादासाहेबांच्या चरित्रात मला ही बाजू सगळ्यात मोठी वाटते आणि त्यांच्या जयंतीच्या भाषणांत तीच सगळ्यात कमी ऐकू येते. पुढे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे राहिले, तेव्हाही हीच माणसं जोडलेली होती.

त्या सत्याग्रहात भाग घेतलेला एक तरुण म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर. कुसुमाग्रज म्हणून आपण त्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषेचा गौरव करतो. त्या दिवशी नाशिकमध्ये पाऊल ठेवाल तिथे कार्यक्रम असतो. त्यांच्या सत्याग्रहाची आठवण त्यांतल्या थोड्याच कार्यक्रमांत निघते. निघायला हवी.

बंद दरवाजाच्या अनुभवातून हे गाव आणि हा जिल्हा बोलायला शिकला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं सांगितलं. मनमाडला का, तर रेल्वेचे कामगार तिथे होते. ऐकणारे जिथे राहतात, राबतात, तिथे बोलणारा गेला.

आणि जलसा! सांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर नाट्यगृह येतं, पासेस येतात. आंबेडकरी जलसा रात्री वस्तीत उभा राहायचा. दिवसभर खपून आलेली माणसं जेवून, पोरांना कडेवर घेऊन, दाराबाहेर येऊन बसायची. ढोलकी, कंदील, संवाद, गाणं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत समतेचा विचार ढोलकीवर बसून आला. भीमराव कर्डकांचा जलसा नाशिक जिल्ह्यातलाच. वामनदादा कर्डकही याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. वामनदादांना मोठेपणीपर्यंत अक्षरओळख नव्हती, पुढे मुंबईत ते लिहा-वाचायला शिकले आणि हजारो गाणी रचली. माझ्या ओळखीच्या एक मावशी, आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केलेल्या, मला म्हणाल्या होत्या की त्यांना संविधानाबद्दल पहिल्यांदा कळलं ते वामनदादांच्या गाण्यातून, १४ एप्रिलच्या रात्री, वस्तीतल्या मंडपात. शेवटच्या गाडीचा प्रश्नच नाही. सभाच घरी आलेली.

हे सगळं ज्या गावात घडलं तिथे आम्ही लोकांना पहिल्या मजल्यावर बोलावत होतो.

लाँग मार्चची गोष्ट तर आमच्या डोळ्यांदेखतची. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकातून माणसं चालायला लागली. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबक आणि कुठून कुठून आलेली. मुंबई जवळजवळ १८० किलोमीटर. पिशवीत आपापलं धान्य, वाटेत चूल. पायांना फोड आलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. मला त्यातली एकच गोष्ट पुनःपुन्हा आठवते. मुंबईत शिरल्यावर, ११ तारखेच्या रात्री, दिवसभर चाललेली ती माणसं सकाळपर्यंत थांबली नाहीत. दहावीची परीक्षा चालू होती आणि सकाळी रस्ते अडले तर शहरातली मुलं पेपरला उशिरा पोचतील, म्हणून ती रात्रीतून आझाद मैदानापर्यंत चालली. स्वतःच्या हक्कासाठी निघालेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या पोरांची वेळ सांभाळली. आणि आम्हाला एका बाईची सातची गाडी सांभाळता आली नाही.

त्या डिसेंबरनंतर आमच्या गटाची बैठक झाली ती चांगलीच वादाची. माझं म्हणणं, सत्कार बंद करायचे, ज्याला लांब जायचं आहे त्याला पहिला माइक द्यायचा, मंगळवार-बुधवार काही असो, कार्यक्रम रविवारी दुपारी घ्यायचा. गटातल्या एका ज्येष्ठांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की १० डिसेंबर ही तारीख आहे, तिचं एक महत्त्व आहे, आणि पाहुण्यांचा सन्मान हीसुद्धा आपली रीत आहे. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. सत्कार वाईट नसतो. ज्यांना आयुष्यात कुणी शाल घातली नाही अशा सफाई कामगार बाईंना आम्ही एकदा शाल घातली होती तेव्हा त्या रडल्या होत्या, हे मी विसरलेले नाही. पण ज्यांच्या कपाटात शाली मावत नाहीत त्यांना आणखी एक घालण्यासाठी कुणाची तरी दहा मिनिटं जातात, आणि ती नेहमी एकाच बाजूच्या माणसांची जातात.

मग करोना आला. दोन वर्षं काहीच झालं नाही.

२०२२ ला पुन्हा जमलो. तळमजल्यावरची जागा शोधायला दोन महिने लागले. तळमजला आहे तर स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या, स्वच्छतागृह बरं आहे तर स्टँडपासून लांब. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, पण सार्वजनिक हॉल दाखवणारा माणूस अजूनही ‘चार जण उचलून नेतील की’ असं सहज बोलून जातो. उचलून नेणं म्हणजे सोय नव्हे, हे त्याला समजावत बसले. शेवटी एक जागा मिळाली. रविवार, ११ डिसेंबर, दुपारी बारा ते चार. मुगाची खिचडी आणि ताक. कुणाचाही परिचय दोन वाक्यांपलीकडे नाही.

हेही सगळं जमलं असं नाही. घरकाम करणाऱ्या बायकांनी आम्हाला सांगितलं की रविवार त्यांना सगळ्यात वाईट. मालकिणी घरी असतात, पाहुणे असतात, कामं वाढतात, आणि स्वतःच्या घरचं धुणंही त्याच दिवशी. त्यांच्यासाठी आम्ही वेगळी सभा घेतली, वस्तीतल्या समाजमंदिरात, रात्री साडेनऊला. तीस-पस्तीस जणी आल्या. एक तर झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊनच बोलली. तिथल्या प्रश्नांची वही माझ्याकडे आहे. अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे, की आजारपणात खाडा झाला तर पगार कापायचा हक्क मालकिणीला आहे का. एकाही व्याख्यात्याने आजवर आम्हाला हा विषय सुचवला नव्हता.

पेठच्या ताई ११ डिसेंबरला आल्या. मी स्वतः पाड्यावर जाऊन बोलावून आले होते. तीच पिशवी, त्याच दोन गाठी, आत दोन कागद वाढलेले. पहिला माइक त्यांचा. पाच मिनिटं ठरलेली होती, त्या सतरा मिनिटं बोलल्या आणि कुणीही चिठ्ठी पाठवली नाही. आधी जमिनीवर नजर ठेवून, मग हळूहळू वर. कागद एकेक करून उंच धरत. शेवटी तोच प्रश्न, बाकीची जमीन गेली कुठं?

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. महसूल खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना बोलावलेलं नव्हतं, सुनेबरोबर सहज आले होते. त्यांनी चष्मा चढवून कागद हातात घेतले, मोजणीचा नकाशा पाहिला आणि सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. त्या-त्या पायरीवर दाद मागता येते. अनुसूचित क्षेत्रातल्या दाव्यांसाठी २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्याही वर विभागीय समितीकडे जायची वाट उघडली आहे. मुदत गेली असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन फेरतपासणीची मागणी करता येते. “तुमच्याकडे जुना दंडाचा कागद आहे का? फॉरेस्टवाल्यांनी कधी अतिक्रमणाचा दंड केला होता का?” ताई म्हणाल्या, “सासऱ्याला केला व्हता. पावती म्हातारीच्या पेटीत हाय.” तो गृहस्थ जवळजवळ ओरडलाच, “मग तोच तुमचा पुरावा!” जो दंड भरताना सासऱ्याने शिव्या खाल्ल्या असतील, तीच पावती आता जमीन कसत असल्याची साक्ष. सभेत क्षणभर कुणी बोललं नाही, मग मागून एका पोराने टाळी वाजवली.

ताईंची फेरतपासणी अजून लागलेली नाही. ग्रामसभेचा ठराव झाला, अर्ज गेला, पोच मिळाली. पोचेची झेरॉक्स माझ्या कपाटात अण्णांच्या डायऱ्यांशेजारी आहे. मधूनमधून त्यांचा फोन येतो. शेळ्या कशा आहेत ते सांगतात, म्हातारीचं सांगतात, आणि मग विचारतात, साहेबांकडून काही कागद आला का.

यंदाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली आहे. हॉल ठरवायच्या आधी परवा सकाळी मी स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीवर भली मोठी रांग होती. माझा नंबर आल्यावर मी पेठ, सुरगाणा, हरसूल आणि कळवण, चारही शेवटच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. आतल्या माणसाने मान वर करून पाहिलं. “बाई, तुम्हाला नेमकं जायचंय कुठं?” मी म्हणाले, मला कुठेच जायचं नाही, माझ्याकडे माणसं येणार आहेत. त्याने कागद माझ्याकडे सरकवला, पेन दिलं, आणि एकेक वेळ सावकाश सांगायला लागला.